यादीतली नववी वस्तू

१

नवशा तांडेल वारला जूनमध्ये. त्याला दारू पाजली नोव्हेंबरात, एका विमा कंपनीनं.

पाजली तीही इंग्रजीत, अडीच ओळींत. ‘प्रवासातील मृत्यूच्या वेळी विमाधारक मद्याच्या अंमलाखाली होता, सबब दावा नामंजूर.’ खाली सही नाही, फक्त शिक्का. हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून नवशाची बायको जमना डिसेंबरातल्या एका सकाळी दांडीहून बोईसरला आली आणि नागोरावांच्या टेबलासमोर उभी राहिली.

नागोराव मूळचे हिंगोलीकडचे. वीज केंद्राच्या स्टोअरात त्यांनी चौतीस वर्षं काढली. आलेला माल यादीशी ताडून बघायचा, हे काम. कागदावर चारशे बोल्ट म्हणजे पेटीत चारशेच बोल्ट. तीनशे नव्व्याण्णव निघाले की नागोराव जेवायला उठत नसत. रिटायर झाले आणि याद्या संपल्या. मग बायको गेली, नर्मदा. मुलगा विक्रम पुण्याला, रविवारी फोन करतो, कधी सोमवारी. रिकाम्या घरात मोजण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते लोकांची पत्रं वाचायला लागले, आणि बघता बघता अडलेल्या प्रवास-विम्याचे वैद्य झाले. बोईसरचे कारखान्यांतले लोक हल्ली दुबई-बँकॉक फिरतात; कुणाची बॅग हरवते, कुणाचं विमान चुकतं, कुणी तिकडच्या इस्पितळात पडतं, आणि कंपनीचं पत्र आलं की सगळे नागोरावांकडे. लोक सांगतात, एका हरवलेल्या सुटकेसचा दावा त्यांनी इतकी वर्षं लावून धरला की शेवटी सुटकेसच कंटाळून घरी परत आली. मी ती सुटकेस पाहिलेली नाही. पण सांगणारा शपथेवर सांगतो.

“बसा, ताई.”

“बसायला नाय आले, दादा. एकच विचारायचं हाय.” जमनानं पिशवी टेबलावर ठेवली. सुक्या मासळीचा वास खोलीभर पसरला. नर्मदा असती तर स्वयंपाकघरातून ओरडली असती, ‘आधी हात धुवा, मग चहा!’ माळकऱ्याघरची लेक. दांडीला जाऊन आलेल्या नवऱ्याला ती उंबऱ्यावरच अडवायची.

“दावा किती दिवस...”

“पैशे मिलाले तर मिलाले. तो प्यालेला का नाय, तेवढं सांगा.”

नागोरावांनी चष्मा काढला.

“अकरा वर्सं झाली,” जमना म्हणाली. “नारली पुनवेला दर्यात नारल सोडताना शपथ घेतली त्यानं, माज्या हातावर हात ठेवून. तवापासून दारू नाय, ताडी नाय. हलदीला पोरं बाटल्या उघडतात, हा सरबताचा गिलास घेऊन बसायचा. सगला गाव हसायचा. आता तोच गाव बोलतो, बायको नजरंआड झाली नि तांडेल प्याला. मग अकरा वर्सं मी कोनासंगं राहिले, दादा? नवऱ्यासंगं, का सोंगासंगं?”

हकीगत एवढी होती: जूनमध्ये मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. नवशा चौदा जणांच्या टूरबरोबर नेपाळला गेला. जमनाचा गुडघा दुखतो म्हणून ती राहिली. मुक्तिनाथला, डोंगरावर, देवळामागं बर्फाच्या पाण्याच्या एकशे आठ धारा पडतात. नवशा दर्यातला माणूस. एकशे आठच्या एकशे आठ धारांखालून सावकाश चालत गेला, आणि बाहेर येऊन कोसळला. खालच्या गावातल्या इस्पितळात संध्याकाळी वारला.

इस्पितळाचा कागद नागोरावांनी दोनदा वाचला. अंग गार. नाडी मंद. दारूचा वास. तळपाय लालबुंद. रक्ताची तपासणी केलेली नाही. मागच्या बाजूला अंगावरच्या वस्तूंची यादी.

“त्याचं सामान?”

“आनलंय. तसंच हाय, धुतलं नाय.”

नागोरावांचे हात चौतीस वर्षांच्या सवयीनं चालले. पँट, सदरा, स्वेटर. कानटोपी. मोजे. बूट. घड्याळ. गळ्यातला ताईत. आठ. त्यांनी यादी पाहिली. पुन्हा मोजलं.

“नववी वस्तू, ‘हिरवं सुती कापड, एक’. ते कुठंय?”

“नाय बा.” जमना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “माज्यापर्यंत आलंच नाय ते.”

त्या दिवशी नागोराव जेवायला उठले नाहीत.

२

टूरवाला मेहुल स्टेशनजवळच्या गाळ्यात बसतो. मागच्या भिंतीवर आयफेल टॉवर, टॉवरवर गणपतीचं कॅलेंडर.

“अरे काका, या या! तो दांडीवाला केस ना? मी तर बोललो त्या बाईंना, पॉलिसीत लिहिलंय, पिऊन काय झालं तर कंपनी हात वर करते. मी काय करणार?”

“तू पाहिलंस त्याला पिताना?”

“मी? मी तर खाली जेवणाच्या मागे होतो! चौदा माणसं, काका. एकाला कांदा नको, एकाला लसूण नको, एकीला चहात आलं जास्त पाहिजे. वरून ओरडा आला तेव्हा मी डाळ चाखत होतो.”

“मग इस्पितळात कोण गेलं?”

“मी नि दर्पण. त्यांच्याच होडीवरचा. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, ‘पिया था?’ मी बोललो, ‘पता नहीं.’ खोटं बोललो का? मला पत्ताच नव्हता.”

“तुझ्या ‘पता नहीं’नं माणूस दारुडा ठरला, बेटा.”

मेहुलचा चेहरा उतरला. वाईट नव्हता तो. फक्त त्याला एका वेळी चौदा माणसं सांभाळायची सवय होती, एक नाही.

“बाकीचे कुठं होते?”

“लाइनीत, दर्शनाला. दर्पणपण. बायका कपडे बदलत होत्या. एक सुगंधाकाकी तेवढी बॅगांजवळ बसली. ती बोलली, माझं दर्शन झालं, मी बघते.” तो पुढं वाकला. “आणि काका, बाटली होती. ब्रँडीची, छोटी. दर्पणनं पोखऱ्यात घेतली. मी न बघितल्यासारखं केलं.”

“हिरवं कापड?”

“इस्पितळानं बॅग बांधून दिली, मी तशीच दांडीला पोचवली. गाठपण सोडली नाही, आईशपथ!”

म्हणजे बॅग मिटलेली आली, आणि उघडी होऊन आठ वस्तूंची झाली. नागोरावांनी ही गोष्ट खिशात घातल्यासारखी जपून ठेवली आणि दांडीची टमटम धरली.

३

दांडीत ऊन होतं आणि वारा होता. घराघरांपुढं बांबूच्या दांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. जमनाच्या अंगणात कावळे हाकलायला एक उंच काठी रोवली होती आणि तिच्या टोकाला विटलेलं हिरवट फडकं फडफडत होतं. कावळे त्याला भीक घालत नव्हते. एक तर काठीवरच बसला होता, मालकासारखा.

दर्पण खाडीच्या काठावर जाळं सांधत होता. तिशीचा असेल. नागोरावांनी ‘बाटली’ म्हणताच त्याच्या हातातली सुई थांबली.

“कोनी सांगितलं?”

“कुणी का सांगेना. नवशाला तू पाजलीस?”

“मी?” तो उठलाच. “काकानं मला होडीवर घेतला तवा मी सोला वर्साचा होतो. मी त्याला पाजीन? बाटली माजी होती, मला थंडी बाधते म्हनून. मी लाइनीत गेलो तवा पिशवीत होती. इस्पितलातून परत आलो तं नव्हती.” त्याचा आवाज खाली आला. “काकाच्या अंगाला वास येत होता. मी जीपमधी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेलो, मला काय कलत नाय? त्यानंच घेतली माज्या पिशवीतनं. म्हनून गप ऱ्हायलो. जमनाकाकीला काय सांगू, तुज्या नवऱ्याची शपथ माज्या बाटलीनं मोडली?”

सहा महिने हा पोरगा जमनाच्या दारावरून न जाता मागच्या वाटेनं घरी जात होता. नागोराव वाळूत त्याच्याजवळ टेकले.

“मला पाण्यातलं काही कळत नाही,” नागोराव म्हणाले. “आमच्याकडं नदीलासुद्धा उन्हाळ्यात पाणी नसतं. सांग बघू, थंडीच्या दिवसात कुणी होडीवरनं पडला, गारठलेला वर काढला, तर काय करता तुम्ही?”

“करायचं काय? ओलं काढायचं, चोलायचं. पयले तलवे, मंग छाती. चांगले लाल होईस्तोवर.”

“कशानं चोळता?”

“बाटली असली तं दारूनं. मंग फडक्यात पाय गुंडालून...”

दर्पण बोलता बोलता थांबला.

४

गारठलेल्या माणसाचे तळपाय पांढरेफटक असतात. नवशाचे लालबुंद होते, हे डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं आणि कंपनीनं वाचून सोडून दिलं होतं. वास दोन ठिकाणांहून येऊ शकतो, पोटातून नाही तर कातडीवरून. ब्रँडी नवशाच्या घशाखाली गेलीच नव्हती. ती त्याच्या तळव्यांना लागली होती. चोळणारं माणूस किनाऱ्यावरचं हवं, बाटलीजवळचं हवं. दर्पण रांगेत, मेहुल डाळीत. बॅगांजवळ एकटी सुगंधा.

सुगंधा नवशाच्या थोरल्या भावाची विधवा, दारोदार मासळी विकणारी. तिचं दार जमनाच्या दाराला लागून. मधे एक भिंत, आणि भिंतीपेक्षा जाड अबोला. नऊ वर्षांचा.

घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता, बघत कुणी नव्हतं.

“बंद करू नका,” नागोराव म्हणाले. “माझ्याकडंही असतोच.”

“आवाज लागतो घराला,” सुगंधा म्हणाली. “भाकरी थापतानापन मी तिच्याशी बोलते, त्या बातम्यावाल्या बाईशी. ती उत्तर देत नाय, पन भांडतपन नाय.” ती हसली, मग हसू पुसलं. “तुमी जमनाकडनं आलाव.”

“नवशाच्या पायांना कुणी चोळलं?”

“मला काय म्हाईत? मी लांब होते.”

“बॅगा तुमच्याजवळ होत्या.”

“लांब होते म्हनते ना! दीर होता तो गेला, माज्या जिवाला काय कमी लागलं का, तुमी आनखी वर...” ती उठली आणि चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं केलं. “जावा, दादा. माज्या तोंडातनं काय निंघालं तं त्या घरात आग लागंल. लोक दारू विसरतात. दुसरं विसरत नाय.”

नागोराव बाहेर आले. दोन दारांच्या मधे उभे राहिले. डोक्यावर ते फडकं फडफडत होतं, आणि आता वाऱ्यानं ते पुरतं उलगडलं. नागोरावांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली केला.

फडक्याच्या मधोमध काळपट गोल डाग होता, वाटीएवढ्या तोंडाचा, आणि त्याच्याभोवती पिळाच्या रेषा. तिथं रंग विटला नव्हता. हे कापड वर्षानुवर्षं पिळून, गोल वळून डोक्यावर ठेवलेलं होतं. वर मासळीची टोपली, टोपलीतून ठिबकणारं पाणी. ही चुंबळ होती. टूरमधे चौदा माणसं, आणि डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणारी त्यांत एकच.

यादी जुळली होती. नववी वस्तू हरवली नव्हती, चोरीला गेली नव्हती. ती कावळे हाकलत होती.

५

“ताई,” नागोराव म्हणाले, “बॅगची गाठ तुम्हीच सोडली.”

जमना बोंबील उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही.

“तुम्ही मला विचारायला आलात, आणि उत्तर स्वतःच्या अंगणात टांगून आलात. कामून?”

ती बोंबलांशीच बोलल्यासारखी बोलली. “तिचा नवरा गेला, तवापासून हा तिचं छप्पर शाकारायचा. होडी लागली की पयला वाटा तिच्या टोपलीत. लोक मला बोलायचे, जमने, डोले उघड. मी डोले उघडले नि तोंड बंद केलं. टूरची बस सुटली, नि मागनं मला कललं, तीपन गेली.” तिनं एक बोंबील उगाच दोनदा उलटला. “मंग बॅगेत तिची चुंबल निंघाली. त्याच्या कपड्यात. मी काय समजू, दादा? कंपनी म्हनते प्याला होता. कापड म्हनतं तिच्यासंगं होता. मला वाटलं, दोनातलं एक तरी खोटं निंघू दे. म्हनून तुमच्याकडं आले नि कापड लपवलं.”

“दोन्ही खोटं आहे.”

जमनानं पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहिलं.

नागोरावांनी सगळं सांगितलं: तळवे, बाटली, दर्पणची रांग. जमना ऐकत राहिली. मग तिनं काठी उपटली, फडकं सोडवलं, आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत दहा पावलं चालली. नऊ वर्षं न चाललेली दहा पावलं.

सुगंधा दारातच उभी होती. भिंतीला कान असतात म्हणतात ते सोडा, तिच्या घरातला टीव्ही आता बंद होता.

जमनानं फडकं पुढं केलं. “तुजी हाय.”

“माजी हाय.”

“सांग.”

सुगंधा खाली उंबऱ्यावर बसली. “पान्यातनं आला तं ओठ निले पडलेले. मी बोलले, भावजी, बसा. बसला तो आडवाच झाला. आजूबाजूला सगली अनोलखी मानसं, कोनाची भाषा कलत नाय. मी दर्पणच्या पिशवीतनं बाटली काढली. सदऱ्याची बटनं तोडली नि छातीला चोलली, तलव्यांना चोलली. माज्या डोक्याचं सोडून पाय बांधले. चारचौघांत, जमने. विधवा बाई परक्या गावात दिराच्या छातीवर हात घासते, ते मी तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू आदीच...”

“तो काय बोलला?”

सुगंधा उंबऱ्याची माती नखानं कोरू लागली.

“सुगंधे, तो शुद्धीवर होता का? काय बोलला?”

“मला ढकलत होता. हातात जोर नव्हता, तरी ढकलत होता. बोलला, वयनी, दारू नको चोलू. अंगाला वास राहील. जमना घरात घ्यायची नाय.”

समोर समुद्र होता आणि होता तसाच आवाज करत होता. जमना हळूहळू, गुडघा सांभाळत, उंबऱ्यावर टेकली. सुगंधा सरकली. उंबरा काही रुंद नव्हता. दोघींना अंग चोरूनच बसावं लागलं.

मागं, मोकळ्या अंगणात, कावळे बोंबलांवर उतरले. कुणी उठलं नाही.

६

नागोरावांनी सुगंधाचा जबाब लिहिला, दर्पणचा लिहिला, मेहुलकडून डाळीसकट सगळं लिहून घेतलं. डॉक्टरच्या कागदातल्या तळपायांखाली लाल रेघ मारली. कंपनीच्या फॉर्ममध्ये नवशाच्या शेवटच्या वाक्याला रकाना नव्हता. त्यांनी ते ‘इतर माहिती’ या दीड इंचात बसवलं. कंपनीनं नऊ आठवडे घेतले, चार कागद दोनदा मागितले, आणि मग नकार मागं घेतल्याचं कळवलं. सही नाही, शिक्काच. ते दीड इंच कुणी वाचलं की नाही, देव जाणे. दांडीत मात्र जमनानं ते वाक्य घरोघरी जाऊन ऐकवलं, आणि जिथं तिचा गुडघा पोचला नाही तिथं सुगंधा पोचली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी निघताना जमनानं वर्तमानपत्रात बांधून बोंबील दिले. “तुमी खात नाय ते म्हाईत हाय. कोनाला तरी द्या.” नागोरावांना ‘कुणाला’ ते सुचलं नाही, पण ते नको म्हणाले नाहीत.

बोईसरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांनी कुलूप काढलं. बोटांना, बाहीला, पार चष्म्याच्या काडीलासुद्धा वास लागला होता. सवयीनं ते उंबऱ्यावर थांबले, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, ओरडा खायच्या तयारीत.

घर गप्प होतं.

ते तसेच आत गेले, खुर्चीत बसले. टीव्ही लावला नाही. हात धुतले नाहीत.